पुष्पाबाईनं राखलेली बर्डी

धामणदर हे गाव पिंपळनेरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. पुष्पाबाई तिथं वना देवरेची बायको होऊन आली, तेव्हा गावामागची बर्डी बोडकी होती. बर्डी म्हणजे मुरमाचं लांबोडकं टेकाड. सगळं गायरान. कुणा एकाच्या मालकीचं नाही, म्हणून कुणालाच त्याची फिकीर नाही. ज्याला सरपण हवं तो कुऱ्हाड घेऊन जाई, ज्याच्याकडे शेळ्या तो शेळ्या सोडी. पावसाळ्यात जेमतेम हिरवं दिसे आणि पोळा झाला की पुन्हा माती उघडी पडे.

चाऱ्यासाठी गावच्या बाया नदीपलीकडच्या शिवारात जात, तिथल्या बांधांवरचं गवत चोरून कापत. एकदा तिकडच्या एका शेतकऱ्यानं पुष्पाबाईला धरलं. शिव्या दिल्याच, पण तिनं बांधलेला भारा सोडून सगळं गवत पायानं उधळलं आणि मग म्हणाला, जा आता. बरोबरच्या बाया खाली मान घालून उभ्या होत्या. घरी रिकाम्या गव्हाणीपुढे म्हैस रेकत होती, तिच्या पाठीवर हात ठेवून तिनं वनाला सांगितलं, "मी परत त्या शिवारमा पाय ठेवाव नही. आपली बर्डी शे ना एवढी मोठी."

वना हसला. साधा, मितभाषी माणूस. बायकोच्या डोक्यात काही शिरलं की ते निघत नाही, हे त्याला एव्हाना कळलं होतं.

तिनं आधी गल्लीतल्या बाया गोळा केल्या, मग दुसऱ्या गल्लीतल्या. ठरलं असं की बर्डीवर कुऱ्हाड न्यायची नाही, गुरं सोडायची नाहीत आणि दिवाळीनंतर प्रत्येक घरानं विळ्यानं गवत कापून न्यायचं, सगळ्यांनी सारखं. राखणीला बायांच्या पाळ्या लागल्या. पुरुषांनी चेष्टा केली, पण आडवे आले नाहीत. हे चार दिवसांचं खूळ आहे, असं त्यांना वाटत होतं.

पहिली कुऱ्हाड पुष्पाबाईनं स्वतःच्या सासूच्या हातून सोडवली. यशोदाबाई जुनी, करारी बाई. सकाळी उठून नेहमीसारखी बर्डीवर गेली आणि पळसाच्या खोडावर घाव घालू लागली. सून समोर जाऊन उभी राहिली.

"मनी चूल काय तुना कायदावर पेटी?" यशोदाबाई म्हणाली.

"माय, आज तुमनी कुऱ्हाड सोडी दिधी ते उद्या मी कोनले आडावू?"

कुऱ्हाड सासूनं हातात दिली नाही, जमिनीवर टाकली. त्यानंतर काही वर्षं तिनं सुनेच्या हातची भाकर खाल्ली नाही. स्वतःची वेगळी थापून घेई. पण गावात बोभाटा झाला, की पुष्पीनं सासूलासुद्धा सोडलं नाही. त्या दिवसापासून बर्डीवर कुऱ्हाड न्यायला कुणाची छाती झाली नाही.

गवत उठायला वेळ लागला नाही. आधी कुसळ आलं, मग पवन्या, मग मारवेल. बायांनी उताराला आडवे चर खणले, अंजनाचं बी टाकलं. ज्या खोडांना लोक मेलेली समजत होते त्यांना फूट आली. दिवाळीनंतर डोक्यावर भारे घेऊन बाया रांगेनं उतरत, तेव्हा गावातली म्हातारी माणसं ओट्यावर बसून बघत. तितर, ससे, खोकड परत आले. एका हिवाळ्यात लांडग्याची जोडी दिसली. दोघातिघांच्या शेळ्या गेल्या, लोक चिडले, पण पुष्पाबाईनं त्यांनाही समजावलं. शेवटी यशोदाबाईनं एक दिवस सुनेच्या ताटातली भाकर उचलली.

याच काळात उखर्डूचं प्रकरण घडलं.

उखर्डू भिल्ल वस्तीतला. वस्ती बर्डीच्या पलीकडच्या अंगाला, दहापंधरा झोपड्यांची. जमीन कुणाकडेच नव्हती. उखर्डू आणि त्याची बायको बेबाबाई गावात मजुरी करत आणि काम संपलं की गुजरातेत ऊस तोडायला जात. एका वर्षी ते गेले नाहीत. बर्डीच्या खालच्या कोपऱ्यातले दगड वेचून त्यांनी बांध घातला, माती साफ केली आणि बाजरी पेरली. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी बांध थोडा पुढे सरकला.

त्याच सुमारास गावातला मोठा शेतकरी, पुढे सरपंच झालेल्या मोतीलालचा बाप, त्यानंही आपला बांध गायरानात एक हात ढकलला होता. पुष्पाबाईनं बायांना घेऊन त्याचा बांध मागे घ्यायला लावला. सगळं गाव बघत होतं. मोतीलालच्या बापानं दात ओठ खात का होईना, दगड मागे घेतले. मग तो म्हणाला, "आते त्या भिल्लनं काय करतस ते देखू."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. नियम एकाला आणि दुसऱ्याला नाही असं कसं चालेल? पुष्पाबाई दुसऱ्या दिवशी उखर्डूच्या तुकड्यावर गेली. बरोबर अर्धं गाव. कणसं पोटरीतून बाहेर पडली होती.

उखर्डू डोक्याचं फडकं काढून उभा राहिला. "अक्का, दाना भरी राह्यना. एवढं पीक निंघू द्या. मंग मी सोता बांध मोडी टाकसू."

पुष्पाबाईनं एक कणीस हातात धरून पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, आज पीक म्हणतोय, उद्या घर बांधेल. ती म्हणाली, "आज तुले सोडं ते उद्या बठ्ठा गाव नांगर लई येई. नियम म्हंजे नियम."

गुराख्यानं गुरं आत घातली. हिरवी बाजरी ती, गुरांना किती वेळ लागणार. बेबाबाई बांधावर बसून होती. गुरं निघून गेल्यावर ती उठली आणि तुडवलेल्या ताटांतून फिरून राहिलेली चार कणसं खुडली.

मोतीलालच्या बापाचा बांध एक हात मागे गेला, उखर्डूचं वर्षाचं अन्न गेलं. पुष्पाबाईच्या लेखी न्याय दोघांना सारखाच झाला होता. त्या हिवाळ्यात उखर्डू पुन्हा बायकोपोरांसकट उसाला गेला. तिकडेच उसाची गाडी उलटून तिच्याखाली सापडून मेला. बेबाबाई पोरं घेऊन परत आली, वस्तीत राहिली, पण पुष्पाबाई समोर आली की वाट बदलून जाई.

बर्डीचं नाव मात्र होत गेलं. इतर गावांतून जीपगाड्या भरून बाया बघायला येऊ लागल्या. पुष्पाबाईला धुळ्याला, जळगावला बोलावणी आली. माईकसमोर उभं राहून बोलायची तिला सवय झाली. हळूहळू शब्द सापडत गेले. घरातल्या भिंतीवर सत्काराच्या फ्रेमा लागल्या. शेजारच्या गावांची गायरानं तोवर नांगरटीखाली गेली होती. कुणी कापूस लावला, कुणी घरं बांधली. पुष्पाबाई भाषणात सांगायची, आमच्या बर्डीवर एका इंचाचंही अतिक्रमण नाही. लोक टाळ्या वाजवायचे. वीसेक वर्षं हे असं चाललं.

मग एका उन्हाळ्यात बर्डीवर तीन मुलं आली. शर्टप्यांटीतली, हातात यंत्रं. दगडांना लाल रंग लावत फिरत होती. पुष्पाबाईला वाटलं, पाण्याच्या टाकीची मोजणी असेल. गावात पाण्याची टंचाई होतीच. तिनं घरून गार पाण्याची कळशी नेली, मुलांना पाजली, जेवून जा म्हणाली. मुलं गोड बोलली. एकानं तिला विचारलं, "आजी, इथं कुणाचं शेत, घर काही नाही ना? कुणाचा दावा?"

"कुणाचाच नाही," ती अभिमानानं म्हणाली. "बोट ठेवायला जागा सापडणार नाही."

संध्याकाळी तिनं कुंदनला, तिच्या मुलाला, हे सांगितलं. कुंदन ट्रॅक्टर धूत होता. त्यानं पाइप बाजूला ठेवला.

"माय, ते टाकीनं नही शे. सोलरनं शे. बठ्ठी बर्डी कंपनीले जाई राह्यनी."

"तुले माहीत व्हतं?"

"बठ्ठासले माहीत व्हतं. तुले सांगानी हिंमत कोन करी?"

मोतीलाल आता सरपंच होता. पुष्पाबाई त्याच्या ओट्यावर गेली. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, अक्का अक्का करत राहिला. म्हणाला, वरून आलंय, माझ्या हातात काय आहे. गावाला दिवसा वीज मिळेल, पोरांना काम मिळेल. तुम्ही शांतपणे विचार करा.

ग्रामसभेला तालुक्याहून एक साहेब आले. चांगला माणूस होता, आवाज मऊ. पुष्पाबाईला ओळखत होता, तिचं भाषण त्यानं कधीतरी ऐकलं होतं. त्यानं सभेसमोर सांगितलं, "कंपनीनं आधी शेजारची गावं पाहिली. तिथं गायरानं आहेत, पण लोक वर्षानुवर्षं कसताहेत. त्यांना उठवायचं म्हणजे खटले, मोर्चे. कंपनी म्हणाली, नको. अख्ख्या तालुक्यात इतकी मोकळी, बिनवादाची जागा दुसरी नाही. याचं श्रेय तुमच्या गावाला आहे. विशेषतः पुष्पाबाईंना."

आणि त्यानं तिच्याकडे बघून हात जोडले.

बोलायला म्हणून पुष्पाबाई उभी राहिली होती. बसून घेतलं. गोंधळामुळे जमीन देण्याचा ठराव पुढच्या सभेवर गेला, तोही दुसऱ्याच कुणीतरी आरडाओरडा केला म्हणून.

पुढच्या सभेला हात कमी पडणार हे तिला दिसत होतं. ज्या बायांनी तिच्याबरोबर चर खणले त्यातल्या कितीतरी गेल्या, उरलेल्यांच्या मुलांना कंपनीनं काम कबूल केलं होतं. राहिली भिल्ल वस्ती. ती वस्तीवर गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

बेबाबाई दारात मका सोलत होती. केस पांढरे झालेले, हात तसेच झपाट्याचे. तिनं वर पाहिलं. "कशा उनात अक्का? वाट चुकनात का?"

पुष्पाबाई जमिनीवरच बसली. "बेबा, बर्डी जाई राह्यनी. सभामा ये. वस्तीना बठ्ठासले लई ये. तुमना हात वर व्हयनात ते ठराव पडी."

"बर्डी तुमनी शे, अक्का. आमना तं एक तुकडा व्हता. त्यामा तुमीन ढोरे घालात."

"नियम बठ्ठासले सारखा व्हता."

"हा. व्हता ना." बेबाबाईनं सोललेलं कणीस टोपलीत टाकलं, दुसरं उचललं. "तो तुकडा आमना ऱ्हाता ते आज आमीन सरकारशी भांडतूत. तठे पोरेसनी घर बांधं असतं. आते काय धरीसन भांडूत? कोनता बांध दखाडूत?"

बेबाबाई पुष्पाबाईकडे बघत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. तिला मक्याचं काम उरकायचं होतं. थोड्या वेळानं आतून नातीनं पाणी आणून दिलं. ते पिऊन पुष्पाबाई उठली.

ठराव झाला. वस्तीतून कुणी आलं नाही.

पाऊस संपल्यावर यंत्रं आली. पुष्पाबाई आणि तिच्याबरोबरच्या सातआठ म्हाताऱ्या वाटेवर बसल्या. वनाही येऊन बसला. गुडघे दुखत होते, तरी बसला. इतक्या वर्षांत पुरुषमाणूस म्हणून तो पहिल्यांदाच त्यांच्या रांगेत बसला होता. महिला पोलीस आल्या, अदबीनं बोलल्या, हात धरून गाडीत बसवलं. ठाण्यावर दिवसभर बाकावर ठेवलं, चहाबिस्किटं दिली. एका पोरसवदा शिपायानं पुष्पाबाईच्या पाया पडून सांगितलं, शाळेत असताना आमची सहल तुमच्या बर्डीवर आली होती.

संध्याकाळी गाडीनं परत आणून सोडलं तेव्हा खालचा अर्धा उतार साफ झाला होता. अंजनाची झाडं आडवी पडली होती आणि पलीकडून वस्तीतली माणसं फांद्या तोडून ढीग लावत होती. रोजानं. बेबाबाईही होती.

पुष्पाबाई तशीच चढून तिच्याजवळ गेली. यंत्र घरघरत पुढच्या झाडाकडे वळत होतं. बेबाबाईनं एका हातानं तिला मागे सारलं. "बाजूले सरा अक्का, झाड आठेच पडी." तेवढंच. आणि पुष्पाबाई बाजूला सरली. कुणाचीही कुऱ्हाड हिसकावून घेणारी बाई, पण बेबाबाईच्या हातातला कोयता धरायचं तिच्यानं झालं नाही.

घरी आली तर कुंदनचा ट्रॅक्टर अंगणात नव्हता. सुनेनं, मोहिनीनं, खालच्या आवाजात सांगितलं, तारेच्या कुंपणाचे खांब वाहायला गेलाय. रात्रीच्या जेवणाला मायलेक समोरासमोर बसले.

"आपला नही गया असता ते मोतीलालना भाचाना गया असता," कुंदन म्हणाला.

पुष्पाबाईनं त्याच्या ताटात भाकर वाढली. "जेव," ती म्हणाली. भांडायला काही उरलं नव्हतं. तो कसा मोठा झाला हे तिला आठवत होतं. आई पाळीवर, आई सभेत, आई धुळ्याला. त्यानं कधी तक्रार केली नव्हती. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

वर्षभरात सोलरच्या तावदानांनी बर्डी काळीनिळी झाली. दुरून तळं असल्यासारखी चकाके. कुंपणाच्या फाटकाशी कंपनीनं गुलमोहराची रोपं लावली, भोवती विटांचे गोल चौथरे. उद्घाटनाला पुष्पाबाईला बोलावणं आलं. मोतीलाल स्वतः सांगायला आला. वना म्हणाला, जाऊ नको. ती गेली. का गेली हे तिनं कुणाला सांगितलं नाही. इस्त्रीची साडी नेसली, केसांना तेल लावलं.

शाल, नारळ, फोटो झाले. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईकजवळ गेली.

"मी ही जागा राखली नसती तर तुम्हाला ती मिळाली नसती," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या हातून मी कुऱ्हाड घेतली. एका गरिबाच्या उभ्या पिकात गुरं घातली. तो गेला. हे सगळं मी तुमच्यासाठी केलं, हे मला माहीत नव्हतं."

मग पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि मागून सगळ्यांनी वाजवली. कंपनीचा माणूस मराठीत कच्चा होता, त्यानं उठून तिला नमस्कार केला. आभार मानणाऱ्यानं सांगितलं की पुष्पाबाईंच्या त्यागाला तोड नाही. तिनं मांडवाच्या कडेला नजर टाकली. तिथं चहाच्या पातेल्याजवळ वस्तीतल्या बाया कामाला होत्या, पण त्यांत बेबाबाई नव्हती.

म्हैस त्या उन्हाळ्यात विकली. गावात आता विकतचा कडबा येतो, ज्याला परवडतो तो घेतो. कुंदनचं खांबांचं काम संपलं, पुढचं मिळालं नाही, कंपनीनं बाहेरचे ट्रॅक्टर आणले. वीज गावाला दिवसा मिळते, ते खोटं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पारोळ्याकडच्या एका गावातून चार बाया तिला शोधत आल्या. कुठल्याशा जुन्या पुस्तिकेत त्यांनी तिचा फोटो पाहिला होता. बर्डीचं पुढं काय झालं हे त्यांना ठाऊक नव्हतं. येताना रस्त्यावरून चकाकणारं काहीतरी दिसलं, एवढंच. त्यांना आपल्या गावचं गायरान राखायचं होतं. कशी सुरुवात करायची, नियम कसे घालायचे, लोक ऐकत नसतील तर काय करायचं, असं त्या विचारत होत्या. पुढारीण त्यांची कोकिळा नावाची, तिशीतली, डोळ्यांत तेज असलेली.

पुष्पाबाईनं चहा केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राखू नका."

बायांना वाटलं, ती थट्टा करतेय.

"नांगरू द्या. ज्याला हवं त्याला घेऊ द्या. घरं बांधू द्या. देवळं बांधू द्या. मोकळी ठेवाल तर जाईल."

"अक्का, आमी इतक्या लांबून उनूत," कोकिळा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "तुमीन असं बोलशात असं वाटं नव्हतं."

वना ओट्यावरून म्हणाला, "पोरीसले असं काय सांगस?" कोकिळेच्या कपात राहिलेल्या चहावर साय धरत होती. "पे," पुष्पाबाई तिला म्हणाली, "थंडा व्हई राह्यना."

कोकिळेनं कप उचलला नाही. बायांनी आपसांत नजरा बदलल्या, पिशव्या घेतल्या, जीपकडे निघाल्या. शेवटची, वयानं मोठी होती ती, दारात थबकली. तिला वाईट वाटलं असावं. तिनं विचारलं, तब्येत बरी नाही का. पुष्पाबाई म्हणाली, तब्येतीला काही झालेलं नाही.